पोच म्हणजे पडताळणी नव्हे

(शाळा-बांधकामाच्या करारनाम्यास जोडावयाची कागदपत्रे व संगणकावरील त्यांची नोंद, या विषयावरील व्याख्यान)



विषयाचे नाव ऐकून काहींच्या मनात सहजच शंका येईल की, हे काम अभियंत्याचे, फार तर लेखा विभागाचे. शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध? शंका वाजवी आहे. शिक्षकाचे काम शिकविण्याचे आहे आणि त्यावर अन्य कामांचा भार पडू नये, असा हेतू २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २७ मध्येही आहे. तथापि या विषयाचा शिक्षकाशी असलेला संबंध कामाच्या वाटपातून आलेला नसून, त्याच्यापुढे बसणाऱ्या मुलांतून आलेला आहे.

हा संबंध दुहेरी आहे. शाळेची नवी खोली बांधली जाते, तेव्हा त्या स्लॅबखाली मुले बसावयाची असतात. आणि भात-नागलीची कापणी आटोपून दिवाळी सरली की, त्याच मुलांचे आईबाप वसई, विरार, भिवंडी, ठाणे या बाजूंस दुसऱ्यांच्या इमारती बांधावयास जातात. मूल एका स्लॅबखाली, बाप दुसऱ्या स्लॅबवर. दोघांचीही सुरक्षितता पुष्कळ अंशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते : बांधकामाच्या करारनाम्यास जे कागद जोडले गेले पाहिजेत, ते जोडले गेले का, आणि जोडलेले कागद खरे होते का.

करारनामा आणि त्याचे कागद

करारनामा म्हणजे काम देणारा व काम घेणारा यांच्यामधील बांधील शब्द. कोणते काम, किती रकमेत, किती मुदतीत, हे त्यात असते. परंतु शब्द पाळला जात आहे, हे दाखविण्यास पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे पूर्ततेचे कागद. शाळेच्या खोलीचे उदाहरण घेऊ. कामास प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मंजुरी असते, अंदाजपत्रक व नकाशा असतो, निविदेनंतर कार्यारंभ आदेश निघतो. काम चालू असता ठेकेदाराने कामगारांच्या विम्याचा कागद, कामगारविषयक कायद्यांखालील नोंदणी, सिमेंट, सळई व काँक्रीट यांच्या चाचण्यांचे अहवाल द्यावयाचे असतात. झालेले काम मोजमाप पुस्तकात चढते व त्यावरून देयक निघते. अखेरीस काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि इमारतीच्या मजबुतीचा दाखला येतो. त्यानंतरही काही काळ दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते व त्यासाठी त्याची अनामत रक्कम राखून ठेवलेली असते.

हे सारे कागद सरकारी सोपस्कार म्हणून पाहिले तर कंटाळवाणे वाटतात. त्यांच्या अभावी काय घडते ते पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेस आग लागून ९४ मुले मृत्यू पावली. त्या घटनेवरून दाखल झालेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी दिला. शाळेला मान्यता देण्यापूर्वी तिची इमारत राष्ट्रीय इमारत संहितेतील सुरक्षा-निकषांप्रमाणे बांधलेली व सर्व दृष्टींनी सुरक्षित असल्याची खात्री शासनाने करून घ्यावी, असे त्यात सांगितले गेले. त्यानंतर सोळा वर्षांनी, २५ जुलै २०२५ रोजी, राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या शाळेचे छत कोसळले व सात मुले दगावली. इमारतीचा दाखला एकदा काढून कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. इमारत उभी आहे तोवर तिची तपासणी चालू राहिली पाहिजे, हे त्या सात मुलांनी सर्वांना शिकविले. पालघर जिल्ह्यात तर डहाणू-तलासरीच्या भागाने नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिकाच अनुभवली आहे. जव्हार-मोखाड्याच्या घाटमाथ्यावरील पाऊसही लहानसहान नव्हे. अशा प्रदेशात मजबुतीचा दाखला हा केवळ कागद राहात नाही.

कागद आता संगणकात जातो, तो कसा

पूर्वी हे कागद फाईलीत लागत. फाईल तालुक्यास असे, एखादा कागद जिल्ह्यास असे, आणि दोहोंच्या मध्ये एखादा नाहीसा होत असे. आता निविदा संगणकावरून निघतात आणि कागदांच्या प्रतीही संगणकात चढविल्या जातात. बांधकामाचा व्यवहार सांभाळणाऱ्या कित्येक संगणकीय प्रणालींत याहून पुढची सोय आहे. माणसाने एकेक कागद हाताने चढविण्याऐवजी एक प्रणाली दुसऱ्या प्रणालीस थेट कागद पाठविते व तो योग्य त्या कराराखाली नोंदला जातो. प्रणाली-प्रणालींमधील या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या व्यवस्थेस एपीआय असे म्हणतात.

नाव परके असले तरी कल्पना परकी नाही. तहसील कचेरीतील आवक-जावकाची खिडकी डोळ्यांपुढे आणावी. खिडकीच्या आत काय व्यवस्था आहे हे बाहेरच्या माणसास ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. अर्ज अमुक नमुन्यात असावा, अमुक रकाने भरलेले असावेत, अर्जदाराने आपली ओळख दाखवावी, एवढे पाळले की अर्ज आत जातो व पोच बाहेर येते. एपीआय ही अशीच खिडकी होय. फरक इतकाच की, खिडकीच्या दोन्ही बाजूंस माणसाऐवजी संगणकाची आज्ञावली उभी असते.

कागद आत देताना सामान्यतः पुढील रकाने भरावे लागतात : कराराचा क्रमांक, कागदाचा प्रकार, कागदाचा स्वतःचा क्रमांक, तो दिल्याची तारीख, त्याची मुदत संपण्याची तारीख, त्याची स्थिती म्हणजे प्रलंबित, मान्य किंवा अमान्य, आणि शेवटी खुद्द कागदाची प्रत. सोबत ओळखीची एक गुप्त किल्ली पाठवावी लागते. तिला टोकन म्हणतात. ज्याच्यापाशी किल्ली नाही, त्याला खिडकी उघडत नाही.

खिडकीतून येणारे उत्तर अंकांत असते आणि हे अंक जगभर एकच आहेत. २०१ याचा अर्थ नोंद झाली. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, परंतु हे काम करण्याचा अधिकार नाही. ४०४ म्हणजे असा करार सापडला नाही. ४२२ म्हणजे नमुना कळला, पण भरलेली माहिती स्वीकारण्याजोगी नाही. जसे की, मुदत संपण्याची तारीख कागद दिल्याच्या तारखेच्या आधीची लिहिली आहे. वर्गातील मुलांस हे अंक सांगितले तर त्यांनाही मौज वाटेल. कारण चूक झाली एवढेच न सांगता कोणती चूक झाली हे वेगवेगळे सांगावे, ही उत्तम तपासनिसाची रीत यंत्रानेही उचलली आहे.

पोच कशाची

आता या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा. २०१ हा अंक आला म्हणजे काय सिद्ध झाले? कागद पोहोचला व त्याची नोंद झाली, एवढेच. कागदात लिहिलेले खरे आहे, असे त्यावरून सिद्ध झाले नाही. शाळेची माहिती यू-डायसवर भरताना ‘माहिती जतन झाली’ असे उत्तर आले की, हायसे वाटते. डोंगरावरील एखाद्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळविण्यासाठी टेकडी चढलेल्या शिक्षकास तर फारच. परंतु जतन झालेली माहिती बरोबर होती की चूक, हे यंत्राने पाहिलेले नसते. पोच म्हणजे पडताळणी नव्हे, ही गोष्ट कागदाच्या काळात खरी होती आणि यंत्राच्या काळात अधिकच खरी झाली आहे. कारण यंत्र इतक्या त्वरेने व इतक्या नीटनेटकेपणे पोच देते की, पाहणाऱ्यास तीच पडताळणी वाटू लागते.

पडताळणीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली पायरी, कागद आहे का. हे यंत्र पाहू शकते. विमा नसेल तर देयक पुढे जाऊ नये, असा नियम प्रणालीत घालता येतो.

दुसरी पायरी, कागद आपल्या तारखांशी व इतर कागदांशी जुळतो का. हेही यंत्र पाहू शकते; मात्र तसे पाहावयास त्यास कोणी सांगितले पाहिजे. येथे एक उदाहरण उपयोगी पडेल. स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटर बाजूचे घन साच्यात भरतात. ते पाण्यात ठेवून २८ दिवसांनी यंत्रात दाबून पाहतात. एम-२० प्रतीचे काँक्रीट असेल, तर त्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन एवढा दाब सोसला पाहिजे, अशी अपेक्षा असते. आता समजा, एखाद्या पाड्यावरील खोलीचा स्लॅब ४ फेब्रुवारीस ओतला गेला व २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल १८ फेब्रुवारीचा आहे. प्रणालीने तो अहवाल स्वीकारला आहे, २०१ असे उत्तरही दिले आहे. परंतु दोन तारखांतील अंतर १४ दिवसांचे आहे. अठ्ठावीस दिवसांची चाचणी चौदा दिवसांत होत नाही. हा दोष उघडा पाडण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही; तिसऱ्या इयत्तेची वजाबाकी पुरते. लागते ती एवढीच गोष्ट की, स्लॅब कोणत्या दिवशी ओतला हे गावातील कोणीतरी लिहून ठेवलेले असावे.

तिसरी पायरी, कागद वस्तुस्थितीशी जुळतो का. चाचणीस गेलेला घन खरोखर या पाड्यावरील काँक्रीटचा होता का? विम्यात वीस कामगार दाखविले, पण कामावर किती होते? ही पायरी यंत्रास चढता येत नाही. यंत्र मोखाड्यास येऊन पाहात नाही. जेथे स्लॅब ओतला गेला तेथे जो हजर होता, त्यालाच हे सांगता येते.

एक सुधारणा मात्र यंत्राने निश्चित केली आहे. भारत सरकारने २०१५ साली डिजिलॉकर ही सोय सुरू केली आणि त्याच वर्षी खुल्या एपीआयचे धोरणही जाहीर केले. त्यातील तत्त्व असे की, कागद ज्या कार्यालयाने दिला त्याच्याकडूनच तो थेट घ्यावा. ठेकेदाराने आणून दिलेली छायाप्रत आणि विमा कंपनीच्या दप्तरातून थेट आलेली नोंद, यांत मोठे अंतर आहे. पहिलीत कोणी खाडाखोड केली असण्याचा संभव राहतो. दुसरीत तो फार कमी होतो. म्हणून एखादा कागद पाहताना तो कोणी जोडला आणि कोठून आला, हा प्रश्न प्रथम विचारावा.

आईबापांचे कागद

आता दुसऱ्या स्लॅबकडे वळू, ज्यावर मुलांचे पालक उभे असतात. बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ साली दोन कायदे केले. एकाने त्यांच्या नोकरीच्या शर्ती, सुरक्षितता व कल्याण यांची तरतूद केली. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे, असेही त्यात होते. दुसऱ्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला. हा उपकर शेकडा एक या दराने घेतला गेला. म्हणजे वीस लाखांच्या खोलीमागे वीस हजार रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या व हे कायदे त्यांत सामावले गेले. तथापि उपकराची कल्पना आणि मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या, १८ ते ६० या वयाच्या कामगारास लाभार्थी म्हणून नोंदविण्याची कल्पना सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

पैसा गोळा होतो, पण पोहोचतो का? सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ रोजी दिलेल्या निकालात हाच प्रश्न पुढे आला. देशभर सुमारे ३७,४०० कोटी रुपये उपकर गोळा झाला होता आणि त्यांपैकी कामगारांसाठी खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. उरलेला पैसा कामगारापर्यंत न जाण्याची कारणे अनेक असतील. परंतु त्यांतले एक कारण या दोन तालुक्यांतील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. कामगार राबला, पण राबल्याचा कागद त्याच्या हाती आला नाही. दिवाळीनंतर तो एका ठेकेदाराकडे होता, नाताळानंतर दुसऱ्याकडे, आणि होळीला घरी परतला तेव्हा नव्वद दिवस कोणाकडे भरले हे सांगणारे कोणी नव्हते. ठेकेदाराने करारास जोडलेल्या कामगारांच्या यादीत त्याचे नाव असते, तर त्याचे दिवस मोजता आले असते. यादीत नाव नाही म्हणजे दप्तरी तो माणूस तेथे नव्हताच.

या कागदाचा धागा थेट वर्गात येतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या शैक्षणिक साहाय्याच्या योजनेत नोंदीत कामगाराच्या दोन पाल्यांना पहिली ते सातवीपर्यंत प्रतिवर्षी २,५०० रुपये व आठवी ते दहावीपर्यंत ५,००० रुपये ठेवलेले आहेत. त्यासाठी शाळेतील उपस्थिती शेकडा ७५ असावी लागते. येथे एक कठीण गाठ आहे. पालकाचे नव्वद दिवस भरावेत म्हणून कुटुंब गाव सोडते, आणि कुटुंबाने गाव सोडले की मुलाची उपस्थिती खाली येते. एका कागदाची अट पुरी करताना दुसऱ्या कागदाची अट मोडते. ही गाठ सोडविणे शिक्षकाच्या हाती पुष्कळ अंशी आहे. मूल मागे राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय वेळेत, म्हणजे कुटुंबे निघण्यापूर्वी करावी. जाणाऱ्या मुलास आवश्यक तो दाखला द्यावा व तेथील शाळेशी संपर्क ठेवावा.

बांधकामावरील मुलांची चिंता नवी नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच कामकरी बायांच्या मुलांसाठी पाळणाघर काढले व त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. याच जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा धडा घालून दिला. त्या धड्यात कागदाचा एक लहानसा परिच्छेद आज जोडावयाचा आहे, एवढेच.

शिक्षकाने काय करावे

शिक्षकाने अभियंता होऊ नये, ठेकेदाराशी वाद घालू नये आणि प्रणालीत कागद चढविण्याचे दुसऱ्याचे काम अंगावर घेऊ नये. त्याने पुढील साध्या गोष्टी कराव्यात.

एक : शाळेत बांधकाम सुरू झाल्याच्या दिवसापासून एक साधी वही ठेवावी. पाया कधी खणला, स्लॅब कधी ओतला, काम कोणत्या दिवशी बंद होते, अंदाजे किती माणसे कामावर होती, एवढेच तारीखवार लिहावे. मत लिहू नये, पाहिलेले लिहावे.

दोन : शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत करारनाम्याच्या व त्याच्या जोडपत्रांच्या प्रतीची मागणी ठरावाने करावी. या समितीत शेकडा ७५ पालक व निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेस मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे कायद्यानेच तिचे काम ठरविले आहे. प्रत न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग मोकळा आहे. समितीचे सदस्य पालक स्वतः बांधकामावर राबलेले असतात. सेंट्रिंग किती दिवसांनी काढावे आणि सळई किती अंतरावर बांधावी, हे त्यांस पुष्कळदा शिक्षकाहून अधिक कळते. त्यांना बोलते करावे.

तीन : मजबुतीचा दाखला हाती आल्याशिवाय नव्या खोलीत वर्ग बसवू नये. पाऊस तोंडावर आला, जुनी खोली गळते, उद्घाटनाची तारीख ठरली, ही कारणे मोठी वाटतात. परंतु मुलांच्या जिवापुढे ती लहान आहेत.

चार : ग्रामसभेत विषय मांडावा. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यातील कलम ४ अन्वये ग्रामपंचायतीने योजनांवर केलेल्या खर्चाच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावयाचे असते. म्हणजे गावसभेची संमती हाही एक पूर्ततेचाच कागद आहे, आणि तो देणारे कार्यालय दूर शहरात नसून पाड्यावरील वडाखाली भरते. शाळेचे काम ग्रामपंचायतीच्या निधीतून झाले असेल तेथे वहीतील नोंदी या सभेपुढे वाचून दाखवाव्यात.

पाच : कामास जाणाऱ्या पालकांना एक गोष्ट अवश्य सांगावी. ठेकेदाराचे नाव, कामाची जागा आणि कामाचे दिवस त्यांनी लिहून ठेवावेत. ज्याला लिहिता येत नाही त्याचे चौथीतील मूल लिहील. मुलाने बापाच्या श्रमाचा हिशेब लिहावा, यासारखा लेखनाचा दुसरा पाठ नाही. नव्वद दिवसांचा दाखला मागताना ही वही एकटी पुरेशी नसेल. पण ती नसेल, तर मागण्यास सुरुवात कोठून करावी हेही सुचत नाही.

यंत्राविषयी शेवटी एवढेच म्हणावयाचे की, त्याला दोष देण्याचे कारण नाही आणि त्याच्यावर विसंबून राहण्याचेही नाही. हरवणारे कागद त्याने हरवू दिले नाहीत, मुदत संपल्याची आठवण वेळेवर दिली, मूळ कार्यालयाकडून कागद आणला, तर ते मोठेच काम झाले. परंतु यंत्राच्या खिडकीत कागद देणारा माणूसच असतो आणि कागदाच्या पलीकडील भिंतीला हात लावून पाहणाराही माणूसच असावा लागतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर, जेथे अभियंता महिन्यातून एकदा येतो आणि तपासनीस वर्षातून एकदा, तेथे रोज उपस्थित असणारा, लिहिणे-वाचणे जाणणारा आणि गावाचा विश्वास असणारा असा माणूस बहुधा एकच असतो. तो शिक्षक होय.